लाईट आली की रिमोट चालला पाहिजे

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना एक हौस असते: आपलं मशीन किती दिवस बंद न पडता चालू आहे ते एकमेकांना दाखवायची. 'अपटाइम' अशी आज्ञा दिली की आकडा समोर येतो. तीनशे-चारशे दिवसांचा आकडा मिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या बार्शीच्या घरातल्या कॉम्प्युटरचा आकडा बहुधा तासांतच असायचा. २००९-१० चा काळ. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि वेळापत्रकाबाहेर लाईट जायची ती वेगळीच. वीज परत आली की आपोआप सुरू व्हायचं, असं मी त्या कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये, म्हणजे सर्वांत आधी चालणाऱ्या त्याच्या मूळ व्यवस्थेत, सांगून ठेवलं होतं. त्यामुळे लाईट आली की पंखा, ट्यूब आणि फ्रिजच्या जोडीने तोही उठायचा.

हे सांगायचं कारण असं, की सॉफ्टवेअरमधले काही दोष फक्त मशीन उठतानाच दिसतात. ज्याचं मशीन वर्षातून एकदा-दोनदा बंद होतं त्याला ते तेवढेच वेळा भेटतात. तेव्हाही समोर बसलेला माणूस जाणकार असतो, दोन आज्ञा हाताने देतो आणि विसरून जातो. आमच्याकडे तोच दोष सकाळ-संध्याकाळ हजेरी लावायचा. आणि समोर असायचे बाबा, ज्यांना फक्त गाणं ऐकायचं असायचं.

बाबांच्या नाट्यसंगीताच्या आणि कीर्तनाच्या कॅसेटी मी हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. टेपरेकॉर्डर कॅसेटी खायला लागला होता, त्याला इलाज नव्हता. एक जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडला आणि सगळं त्यावर टाकलं. पण माऊस हे प्रकरण बाबांना कधी रुचलं नाही. "मांडीवर पाटी घेऊन गाणं ऐकायचं का?" असं त्यांनी कीबोर्डकडे बघून विचारलं होतं. त्यांना हातात रिमोट हवा होता. घरात एका मेलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट धडधाकट शिल्लक होता. प्लेअर आधी जातो आणि रिमोट मागे राहतो, हे जवळजवळ प्रत्येक घरात घडलेलं असतं.

मग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून टीएसओपी १७३८ आणला. रिमोटचा प्रकाश ओळखणारा तीन पायांचा काळा दाणा, किंमत अगदी किरकोळ. रिमोटच्या तोंडाचा दिवा नुसता लागत-विझत नाही. लागलेला असतो तेव्हा तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकत असतो, आणि अशा लुकलुकत्या तुकड्यांमधून निरोप जातो. खोलीत ऊन असतं, बल्ब असतो, पण हा दाणा त्या ३८ किलोहर्ट्झच्या लयीत आलेलाच प्रकाश उचलतो आणि बाकीचा गाळून टाकतो. (सीएफएलचे दिवे मात्र त्यालाही चकवतात. बाबांच्या खुर्चीमागचा दिवा त्यापायी बदलावा लागला.) आपल्या डोळ्यांना हा प्रकाश दिसत नाही; साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी दिसते. रिमोट जिवंत आहे की नाही, हे पाहायची ही सर्वांत स्वस्त युक्ती.

जोडणी कॉम्प्युटरच्या मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला. सातव्या पिनेवरून वीज घ्यायची, एक डायोड आणि ७८एल०५ रेग्युलेटर यांच्यातून ती ५ व्होल्टवर आणायची, पाचवी पिन ग्राउंड, आणि दाण्याचं उत्तर पहिल्या पिनेवर. सिरियल पोर्ट मुळात मोडेमसाठी. 'पलीकडून सिग्नल येतोय का' हे सांगणारी ती पहिली पिन. तिच्यावर आता मोडेमऐवजी रिमोट बोलणार. आजच्या लॅपटॉपला हा पोर्टच नसतो, त्यामुळे हे सगळं आता पुराणातलं वाटेल. पण एक कॅपॅसिटर, एक रेझिस्टर आणि थोडं सोल्डर एवढ्यात टीव्हीवाल्या कंपन्यांची भाषा ऐकू येते, याची गंमत मला अजून वाटते.

ती भाषा ऐकायला 'मोड२' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो चालू करून रिमोटचं बटण दाबलं की पडद्यावर आकड्यांची रांग पडते: ठोका ९,०००, शांतता ४,५००, ठोका ५६०, शांतता ५६०, ठोका ५६०, शांतता १,६९०... हे सगळे मायक्रोसेकंद. बऱ्याच रिमोटांत एनईसी नावाची पद्धत असते. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका आणि त्याच्या निम्मी शांतता, म्हणजे 'ऐका हो ऐका'. त्यानंतर ३२ बिट. ठोका नेहमी सारखाच. मागची शांतता ठोक्याएवढीच असली तर शून्य, तिप्पट असली तर एक. पत्ता एकदा सरळ आणि एकदा उलटा, आज्ञा एकदा सरळ आणि एकदा उलटी. म्हणजे मध्ये कोणी पडद्यासमोरून गेलं आणि निरोप तुटला, तर दोन्ही जुळत नाहीत आणि तो टाकून दिला जातो. बटण दाबून धरलं तर सगळा निरोप पुन्हा पाठवत नाहीत, दर ११० मिलिसेकंदांनी नुसतं 'तेच, तेच' असं सांगतात. आवाज वाढवताना आपण बटण धरून ठेवतो तेव्हा हेच चाललेलं असतं.

ठोक्यांतून बटणांची नावं काढायचं काम लिर्क करतं. लिनक्स इन्फ्रारेड रिमोट कंट्रोल, नव्वदच्या दशकापासूनचा प्रकल्प. त्याचा मुख्य प्रोग्राम लिर्क-डी मागे बसून ऐकत असतो. बटण ओळखलं की तो एका सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या जागेवर, नाव सांगतो, आणि ज्या प्रोग्रामांना ऐकायचं असेल ते त्या सॉकेटला कान लावून बसतात. त्यांतला एक म्हणजे आयआर-एक्झेक: अमुक बटण आलं की तमुक आज्ञा चालव, एवढंच त्याचं काम. बाबांच्या रिमोटचं 'प्ले' दाबलं की आज्ञा चालणार आणि गाणं सुरू होणार. सिरियल पोर्टच्या बाबतीत एक नेहमीची अडचण असते: कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नेहमीचा सिरियल ड्रायव्हर पोर्ट आधीच धरून बसतो, मग लिर्कचा ड्रायव्हर 'पोर्ट ०३एफ८ वापरात आहे' म्हणून हात वर करतो. पण तो बिचारा त्याच ओळीखाली उपायही छापतो, की 'सेटसिरियल'ने आधी पोर्ट मोकळा करा. चूक सांगणाऱ्या संदेशात उपायही लिहिणाऱ्या प्रोग्रामरांबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. तसं केलं, बटणं शिकवली, आणि बाबांनी पहिल्याच दिवशी रिमोटने नांदी लावली.

मी पुण्याला परतलो. बार्शीत लाईट गेली, आली. रिमोट मुका.

फोनवरून सुरू झालेली ती दुरुस्ती मला आजही जशीच्या तशी आठवते. सुरू होताना पडद्यावर जे चित्र दिसायचं ते काढून टाकून मागचा मजकूर दिसेल असं करायला मी बाबांना सांगितलं, आणि मग लिर्क हाताने सुरू करायची आज्ञा एकेक अक्षर करून लिहायला लावली.

"काय लिहून आलं?"

"अरे इंग्रजीत आहे. कान्ट ओपन ऑर क्रिएट. मग तिरकी रेघ, व्हार, तिरकी रेघ, रन, तिरकी रेघ, एल-आय-आर-सी..."

"आणि खाली?"

"नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. म्हणजे नाहीच आहे ती. मग शोधतोय कशाला?"

बाबा प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक होते. हजेरीपट नसेल तर आधी हजेरीपट करायचा, मग हजेरी घ्यायची, हे त्यांना सांगावं लागायचं नाही. लिर्क-डी उठला की तो आपला क्रमांक एका फाईलमध्ये नोंदवतो, म्हणजे पुढे कुणाला त्याला थांबवायचं असेल तर कोणाला थांबवायचं ते कळावं. ती फाईल '/व्हार/रन/लिर्क' या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये. सॉकेटही त्याच डिरेक्टरीत. डिरेक्टरीच नाही, तर तो नोंद कुठे करणार? मी सांगितलं, एमकेडिर लिहा, मग एक जागा सोडून तो पत्ता. डिरेक्टरी तयार झाली, लिर्क सुरू झालं, आयआर-एक्झेक सुरू केलं, गाणं लागलं.

संध्याकाळी लाईट गेली. परत सगळं पहिल्यासारखं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा टीव्हीशेजारी बाबांची डायरी उघडी होती. तारखांच्या पानावर, त्यांच्या त्या शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात तीन ओळी. पहिली, डिरेक्टरी करणे. दुसरी, लिर्क सुरू करणे. तिसरी, आयआर-एक्झेक सुरू करणे. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी काढलेली, मोकळ्या जागेसाठी छोटासा चौकोन, आणि तिरक्या रेघेखाली 'उजवीकडे झुकलेली' अशी टीप. लाईट आली की बाबा चष्मा लावून, मांडीवर ती नकोशी पाटी घेऊन या तीन ओळी टाइप करायचे आणि मग रिमोट हातात घ्यायचे. तक्रार काहीच नव्हती. शेजारच्या काकूंना त्यांनी सांगितलंही होतं, की कॉम्प्युटर आहे, त्याला रोज जरा सांगावं लागतं.

मला मात्र ती डायरी पाहून चैन पडेना. कारण मशीन उठताना काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, हे ओळीओळीने लिहून ठेवायला आधीच एक जागा होती. त्या काळी ती '/ईटीसी/इनिट.डी' मधली छोटी फाईल असायची. तिला सुरुवातीची स्क्रिप्ट म्हणतात. 'स्टार्ट' म्हटलं तर काय करायचं, 'स्टॉप' म्हटलं तर काय, 'रीस्टार्ट' म्हटलं तर काय, एवढं त्यात साध्या शेलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, भाषेत लिहिलेलं असतं. बाबांच्या डायरीतल्या तीनपैकी दुसरी ओळ त्या स्क्रिप्टमध्ये होती. पहिली नव्हती. जी ओळ फाईलमध्ये नव्हती ती एक निवृत्त मुख्याध्यापक रोज हाताने भरून काढत होते.

सुरुवातीच्या स्क्रिप्टला प्रोग्रामरांच्या जातीत फार खालचं स्थान. ठोक्यांतून बटण ओळखणारा भाग लिहिताना माणसं गणित करतात, वेगवेगळ्या रिमोटांची सहनशीलता मोजतात, त्यावर वाद घालतात. स्क्रिप्ट मात्र कुठून तरी जुनी उचलतात, नाव बदलतात आणि पुढे ढकलतात. माझ्यासमोर होती तिच्यातसुद्धा एका भलत्याच प्रोग्रामचं नाव एका टीपेत राहून गेलं होतं. तरीही ज्याला आतलं काही माहीत नाही त्याचा सगळा संबंध याच फाईलशी येतो. बाबांना एनईसी पद्धत ठाऊक नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं. त्यांच्या दृष्टीने लिर्क म्हणजे लाईट आल्यावर रिमोट चालतो की नाही, इतकंच.

डिरेक्टरी रोज जाते कुठे, हे शोधायला लागलो तेव्हा कळलं की गोष्ट मोठी रंजक आहे आणि तिच्यात दोषी असा कोणीच नाही. लिर्कचं सॉकेट पूर्वी '/डेव्ह' मध्ये, म्हणजे उपकरणांच्या डिरेक्टरीत असायचं. ०.८.६ या २००९ च्या आवृत्तीत ते '/व्हार/रन/लिर्क' मध्ये हलवलं. बरोबरच केलं, सॉकेट हे काही उपकरण नव्हे, आणि चालू प्रोग्रामांच्या खाणाखुणा ठेवायची जागा '/व्हार/रन' हीच. आता लिनक्समध्ये कोणती डिरेक्टरी कशासाठी, याचं एक ठरलेलं मानक आहे. ते म्हणतं की मशीन सुरू होताना '/व्हार/रन' मधल्या फाईली पुसल्या गेल्या पाहिजेत. त्यामागे कारण आहे. काल मेलेल्या प्रोग्रामचा क्रमांक आज तसाच पडून राहिला तर गोंधळ होतो. पण ते फाईली पुसा म्हणतं. प्रोग्रामने आपली वेगळी डिरेक्टरी तिथे ठेवायलाही त्यात मुभा आहे. जुन्या डेबियनची (लिनक्सच्या अनेक डिस्ट्रोंपैकी, म्हणजे तयार संचांपैकी, एक) साफसफाई करणारी स्क्रिप्ट अगदी तसंच करायची, फाईली उचलायची आणि डिरेक्टऱ्या जागेवर सोडायची. अशा मशीनवर लिर्क बसवताना डिरेक्टरी एकदा तयार झाली की ती कायमची. स्क्रिप्टमध्ये एमकेडिर नाही, याचा पत्ता कधीच लागणार नाही.

मग काही डिस्ट्रोंनी '/व्हार/रन' डिस्कवरून उचलून सरळ मेमरीत नेलं. हेही शहाणपणाचंच. सुरू होता होता डिस्क लिहिण्याजोगी नसली तरी अडत नाही, आणि पुसायचं वेगळं कामच उरत नाही, कारण वीज गेली की मेमरी आपोआप कोरी होते. फक्त ती कोरी होताना फाईल कोणती आणि डिरेक्टरी कोणती, हे पाहत बसत नाही. तीन चांगले निर्णय, तीन वेगळ्या माणसांचे, तीन वेगळ्या वेळी घेतलेले. त्यांच्या सांध्यात बाबा बसले होते.

दोष इतके दिवस दिसला का नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. बसवताना डिरेक्टरी तयार होते, म्हणून पहिल्यांदा चालतं. 'रीस्टार्ट' केलं तरी चालतं, कारण त्याने फक्त प्रोग्राम थांबतो आणि परत उठतो. मेमरी कोरी होत नाही. तपासणारा माणूस बसवतो, चालवतो, थांबवतो, परत चालवतो, आणि समाधानाने उठतो. वीज तोडून कोण पाहतं? आमच्याकडे तेवढी एक चाचणी फुकट व्हायची.

त्यात आणखी एक खोच होती. ही स्क्रिप्ट 'रिमोट कंट्रोल सुरू करत आहे' असं छापायची, मग लिर्क-डीला हाक मारायची, आणि शेवटी एक टिंब छापायची. टिंब म्हणजे झालं. पण हाकेला ओ मिळाली की नाही, हे न पाहताच ते टिंब पडायचं. टिंब छापण्यात यश आलं, म्हणून एकूण स्क्रिप्टही यशस्वी, असा शेलचा हिशेब. शेवटच्या आज्ञेचा निकाल तोच सगळ्यांचा निकाल. आणि लिर्क-डी जे ओरडत होता, की डिरेक्टरी नाही, ते लॉगमध्ये जात नव्हतं, थेट पडद्यावर जात होतं, आणि पडद्यावर तेव्हा डिस्ट्रोचं सुंदर चित्र होतं.

अशा वेळी काय करतात, तर शेवटी चालणाऱ्या 'आरसी-लोकल' फाईलमध्ये 'स्लीप १०' लिहितात आणि खाली पुन्हा सगळं सुरू करतात. दहा सेकंद थांबा, मग बघू. दहाने भागलं नाही की वीस. हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. आपण कशासाठी थांबलोय हे ज्याला सांगता येत नाही तोच असा झोपतो. यूएसबीचा रिसीव्हर उशिरा जागा होतो, तिथे थांबण्याला निदान काही अर्थ आहे. तरी तिथेही घड्याळाकडे न पाहता रिसीव्हरकडे पाहावं. आमच्या बाबतीत तर तासभर झोपून उठला असता तरी डिरेक्टरी आपणहून उगवणार नव्हती. आणि लिर्क-डी मुळात सज्जन आहे. तो आधी सॉकेट मांडतो आणि मगच पार्श्वभूमीत जातो, त्यामुळे त्याच्यानंतर येणाऱ्याला सॉकेट हमखास सापडतं. डिरेक्टरीचा प्रश्न मिटला असता तर आयआर-एक्झेकचा आपोआप मिटणार होता.

दुरुस्ती सांगायला दोन वाक्यं पुरतात. लिर्क-डीला हाक मारण्यापूर्वी एमकेडिर, त्याला 'पी' हा पर्याय लावून, म्हणजे डिरेक्टरी आधीच असली तरी कुरकुर करणार नाही. आणि हाकेनंतर तिचा निकाल धरून ठेवायचा, तो शून्य असेल तरच टिंब, नाहीतर 'जमलं नाही' असं सांगून तोच निकाल घेऊन बाहेर पडायचं. जुन्या जागी सॉकेट शोधणारा एक प्लेअर होता, त्याच्यासाठी '/डेव्ह' मधून नव्या जागेकडे बोट दाखवणारी एक लिंकही तिथेच केली. '/डेव्ह' सुद्धा मेमरीतलंच, त्यामुळे तीही दर वेळी नव्याने करावी लागते. यात 'पी'चं महत्त्व बाहेरून कळत नाही. सुरुवातीची स्क्रिप्ट कोरी पाटी धरूनही चालली पाहिजे आणि अर्धवट लिहिलेली पाटी धरूनही. डिरेक्टरी नसेल तर कर, असेल तर गप पुढे जा. बाबांच्या डायरीतली पहिली ओळ तेवढं करत नव्हती. लाईट न जाता त्यांनी ती चुकून टाइप केली तर 'आधीच आहे' असं उत्तर यायचं, आणि आपल्या हातून काहीतरी बिघडलं असं वाटून ते फोन करायचे.

चाचणीसाठी मी भिंतीवरचं बटण बंद केलं. "अरे, सरळ असं बंद करतात का!" आई स्वयंपाकघरातून ओरडली, कारण टीव्ही बंद करायची शिस्त तिनेच मला लावली होती. बटण चालू केलं. कॉम्प्युटर उठला, चित्र आलं, गेलं. बाबा सवयीने कीबोर्डकडे वळले.

"बाबा, तुम्ही काही करू नका. नुसतं प्ले दाबा."

दाबलं. लागलं. त्यांनी ते थांबवून पुन्हा लावून पाहिलं. मग डायरीत त्या तीन ओळींवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली. शाळेत जुना ठराव रद्द करताना घालत असत तशी.

पुढे डेबियनच्या स्क्रिप्टमध्येही असं एमकेडिर दिसू लागलं. एकाच दगडाला ठेचकाळलेली माणसं एकमेकांना न विचारताही तोच दगड उचलतात. २०११ च्या सुमारास डिस्ट्रोंनी '/रन' अशी नवी जागा काढली, ती पहिल्यापासूनच मेमरीतली, आणि '/व्हार/रन' तिकडे बोट दाखवणारी लिंक झाली. मशीन उठवायचं सगळं काम सांभाळणारा सिस्टमडी आल्यावर तर '/ईटीसी/इनिट.डी' ची रयाच गेली. तिथे डिरेक्टरी हवी असेल तर एका छोट्या फाईलमध्ये नुसतं जाहीर करायचं, की ही डिरेक्टरी, हे अधिकार, हा मालक. ती करण्याचं काम सिस्टमडीचं. सॉकेटही तोच मांडून ठेवतो. ऐकणारे आधी आले तरी चालतात, लिर्क-डी नंतर उठला तरी चालतो. सिस्टमडीवर लोक खूप चिडलेले असतात, आणि त्यांचे काही मुद्दे मला पटतातही. पण ज्याने कुणाच्या डायरीत अशा तीन ओळी पाहिल्या आहेत त्याला या एका बाबतीत तरी त्याच्याविरुद्ध बोलवत नाही.

गंमत म्हणजे ज्या काळात मी ती स्क्रिप्ट नीट करत होतो, त्याच काळात लिर्कची गरजच कमी होत चालली होती. २०१० च्या आसपासच्या कर्नलपासून रिमोटचे ठोके ओळखायचं काम कर्नलच्या आत होऊ लागलं. रिमोट हा कीबोर्डचाच एक प्रकार मानायचा, प्ले दाबलं की प्लेची कळ दाबल्यासारखं. मागे बसून ऐकणारा डेमन नाही, सॉकेट नाही, डिरेक्टरी नाही, म्हणून स्क्रिप्टही नाही. कर्नलला आपणहून न समजणाऱ्या चमत्कारिक रिमोटांसाठी ४.१८ या कर्नलपासून बीपीएफचे, म्हणजे कर्नलच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रामांचे, छोटे तुकडे आत घालता येतात. लिर्कच्या स्वतःच्या माहितीपत्रकातही आता लिहिलेलं असतं, की काही रिमोटांना नव्या कर्नलवर लिर्क लागतही नाही. एखाद्या प्रकल्पाने आपणहून असं लिहावं, याचं मला कौतुक वाटतं. मग त्या दुरुस्तीचा उपयोग काय, असं एका मित्राने विचारलं होतं. मी म्हटलं, बाबांनी त्यानंतर काही वर्षं रोज गाणं ऐकलं. त्याला तो उपयोग मोठा वाटला नाही. मला वाटतो.

आता तो डेस्कटॉप भंगारात गेला आणि टीव्हीमागे रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर चिकटवला आहे. टीएसओपी १७३८ ला ५ व्होल्ट लागतात आणि पायच्या पिनांना ३.३ च्या वर चालत नाही, म्हणून दाणाही बदलला. ३८२३८ घातला, तो ३.३ वर चालतो. कॉन्फिगच्या फाईलमध्ये 'जीपीआयओ-आयआर' ची एक ओळ, आणि रिमोट तोच, मेलेल्या प्लेअरचा. सुरू होताना काही लिहावं लागत नाही. पण आवाजाचं बटण दाबून धरलं की आवाज एकदम उसळी मारतो, अशी बाबांची सध्याची तक्रार आहे. 'तेच, तेच' चे निरोप नव्या व्यवस्थेत किती वेळाने मोजायचे, तो आकडा जरा कमी-जास्त करायला हवा. बाबांचं म्हणणं, पूर्वीचंच बरं होतं. पूर्वीचं म्हणजे कोणतं, हे विचारलं की ते डायरीकडे बोट दाखवतात, आणि मी दिवाळीत येऊन बघतो म्हणतो.